टक् आवाज येईपर्यंत

३ फेब्रुवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

आशीर्वाद लिहावा की नाही यावर अर्धा तास घालवला. शेवटी लिहिला. नको असेल तर खोडून टाक, मी काही बघायला येणार नाही.

तुझं कार्ड मिळालं. सहा वर्षांनी आलेलं कार्ड आणि त्यावर चार शब्द. 'पत्र लिहा. फोन नको.' शाळेत निबंधाला पुरवण्या जोडणारी तू, आणि बापाला चार शब्द! पण तक्रार नाही हं. चार तर चार. ते कार्ड मी फ्रिजच्या दाराला लावून ठेवलंय, येता-जाता वाचतो.

फोन करायचा म्हटला तरी तुझा नंबर माझ्याकडे कुठाय? कार्डावरचा पत्ता तेवढा आहे. पण लपवाछपवी कशाला, सरळ सांगतो. मला एकदा तुझा आवाज ऐकायचाय. आणि तुझ्या मुलीचा. तिचं नाव काय ठेवलंत हेसुद्धा मला माहीत नाही. विचारत नाही. तुला वाटेल तेव्हा सांग. मी आपला मनातल्या मनात तिला पिटुकली म्हणतो.

सहा वर्षांपूर्वी तुझा तो फोन आला तेव्हा लाईन फार खराब होती. असो.

तर काय लिहू? नोकरीबद्दल लिहितो. हो, नोकरी! निवृत्त झाल्यावर चार महिने घरात भिंतींशी भांडलो, मग कंपनीनेच परत बोलावलं. पण कारखान्यात नाही. फोनवर. लोकांची मशीनं बिघडली की ते फोन करतात आणि आम्ही त्यांना बसल्या जागेवरून सांगायचं, हे बटण दाबा, ती नळी बघा. मोठा हॉल आहे, चाळीस टेबलं, प्रत्येकाच्या कानाला ते हेडफोनचं लचांड. सगळी पोरंपोरी पंचविशीच्या आतली. मला काका म्हणतात. आमची सुपरवायझर तर तुझ्यापेक्षाही लहान असेल. चालते अशी की पाठीमागे पलटण आहे. मी तिला कप्तान म्हणतो, तोंडावरसुद्धा.

पहिल्या दिवशी तिने नियम सांगितला. फोन आपण आधी ठेवायचा नाही. गिऱ्हाईक शिव्या देवो, रडो, नाहीतर फोन टेबलावर टाकून जेवायला जावो. त्याने फोन ठेवल्याचा टक् आवाज कानात आला की मगच आपली सुटका. मला विचारते कशी, "काका, जमेल ना?" मी म्हटलं, "न जमायला काय झालं?"

तू हसली असशील. हस.

तीस वर्षं मशीनच्या खडखडाटावर ओरडून बोललेला माणूस मी. पहिल्याच आठवड्यात चार बायकांनी विचारलं, "तुम्ही रागावलात का?" पाचवी तर म्हणाली, "चुकलं माझं," आणि तिचं बिचारीचं काहीही चुकलेलं नव्हतं. मग कप्तानने माझ्यासमोर एक छोटा आरसा ठेवला. म्हणाली, बोलताना कपाळाकडे बघा, आठ्या दिसल्या की आवाज खाली आणा. गंमत वाटेल तुला, पण लागू पडतं.

सुरुवातीचं वाक्यही ठरलेलं आहे. "नमस्कार, ग्राहक सेवा केंद्रात आपलं स्वागत आहे, मी आपली काय मदत करू?" दिवसातून ऐंशी वेळा म्हणतो. परवा दाराची घंटा वाजली, तर दारातल्या शेजारणीलाही हेच ऐकवलं. ती विरजण मागायला आली होती. विरजण न घेताच गेली.

खाली घरचा नंबर लिहिलाय. तोच आहे, जुना. सगळे म्हणतात, मोबाईल असताना हा डबा कशाला ठेवलाय, काढून टाका. मी नाही काढत. तू फोन करावास म्हणून नंबर लिहिलेला नाही. पत्राखाली नंबर असावा, एवढंच.

बाबा


१९ फेब्रुवारी

चि. ठकू,

आज एक भानगड झाली, ती तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

दुपारी फोन आला. माझं स्वागताचं वाक्य पुरं व्हायच्या आत पलीकडून एक पोर किंचाळली, "दार उघडा! लंब्या आत आहे!"

मी खुर्चीतून उभाच राहिलो. म्हटलं, "लंब्या कोण गं? भाऊ?" म्हणाली, "ससा." जिवंत? तर नाही, कापडाचा. कान लांब म्हणून लंब्या. आईने चादरींबरोबर त्यालाही मशीनमध्ये ढकललं, बटण दाबलं आणि ती बाळाला आंघोळ घालायला गेली. मशीनवर आमचा नंबर चिकटवलेला असतो, तो बघून ह्या पाच वर्षांच्या बयेने फोन लावला.

आता ते मशीन एकदा सुरू झालं की दार उघडत नाही. उघडलं तर घरभर पाणी. काचेवर किती मिनिटं दिसतात विचारलं, तर म्हणाली, "तीन आणि मग चार." चौतीस मिनिटं! मी तिला समजावलं, ती रडायला लागली. कारखान्यातला मी असतो तर म्हटलं असतं, आईला बोलव आणि ठेव फोन. आरशात बघितलं, आठ्या होत्या. मग म्हटलं, "हे बघ, मला ते मशीन पाठ आहे. आत काय चाललंय ते मी तुला सांगत जातो."

"तुम्ही जाणार नाही ना?"

"नाही. आमच्यात आधी फोन ठेवायचा नसतो."

मग सुरू झालं आमचं. म्हटलं, आता पाणी बाहेर जाईल, घरघर होईल, घाबरू नकोस. लगेच घरघर झाली. "तुम्हाला दिसतंय?" मी म्हटलं, "दिसत नाही, पण असली हजार मशीनं मी ह्या हातांनी जोडलीत." मग लंब्या उलटा झाला, पालटा झाला, त्याचा एक कान काचेला चिकटला, ते सगळं ती मला सांगत होती आणि मी तिला.

वीस मिनिटं झाल्यावर कप्तान आली, मनगटावरचं घड्याळ टिचकीने वाजवत. आमच्याकडे एका फोनला पाच मिनिटं, फार फार तर सात. मी दुसरा हेडफोन तिच्या हातात दिला. तिने कानाला लावला आणि खुर्ची ओढून बसली. मशीन शेवटचं गरगर फिरायला लागलं तेव्हा ती नखं खात होती, काय सांगू तुला!

दार उघडल्याचा आवाज आला. मग बराच वेळ नुसतं कापड तोंडावर दाबल्यासारखं फुसफुस. मग टक्. थँक्यू नाही, बाय नाही. लंब्या मिळाल्यावर आमचं काय काम?

कप्तान उठली, म्हणाली, "काका, हे परत करू नका." दोन पावलं जाऊन परत आली. "म्हणजे रोज नका करू."

बाबा


४ मार्च

चि. ठकू,

तुझं दुसरं कार्ड! 'लंब्या वाळला का? पोरगी विचारतेय.'

म्हणजे तू माझी पत्रं तिला वाचून दाखवतेस? मी ते कार्ड घेऊन घरभर फिरलो. मग लाज वाटून बसलो, कारण लंब्याचं पुढे काय झालं ते मलाच ठाऊक नव्हतं. पण नियमात एक सोय आहे. तक्रार करणाऱ्याला नंतर एक फोन करता येतो, मशीन ठीक चालतंय का म्हणून. मशीन तर बिघडलंच नव्हतं. तरी केला. बयेनेच उचलला.

तर पिटुकलीला सांग, लंब्या वाळला. दोन्ही कान शाबूत आहेत. पण ती खूश नव्हती. म्हणाली, "त्याला आता साबणाचा वास येतो. माझा येतच नाही. माझा वास परत किती दिवसांनी येईल?" मी तीस वर्षं मशीनं जोडली, असला प्रश्न कोणी विचारला नव्हता. म्हटलं, "रोज कुशीत घेऊन झोप. आठवड्याभरात येईल." "नक्की?" "नक्की. पण एक दिवसही चुकवायचा नाही."

पोरांचे फोन आता मलाच देतात. 'काका, तुमचं गिऱ्हाईक!' असं ओरडून. परवा एका मुलाला मशीनचा वाढदिवस करायचा होता, तारीख माहीत नव्हती. मशीनच्या पाठीवर एक नंबर असतो, त्यातले पहिले सहा आकडे म्हणजे जन्मतारीखच. तो मशीनमागे शिरला, जाळी-जळमटं अंगावर घेऊन त्याने तो वाचून दाखवला. सप्टेंबर निघाला! मी म्हटलं, "वा, माझ्या नातीचा महिना. ती अठरा सप्टेंबरची." त्याने विचारलं, "तिला काय दिलंत?" मी म्हटलं, "अजून काही नाही." तर मला म्हणतो, "मग द्या की!" एवढासा जीव, पण दम देतो.

बाबा


२१ मार्च

चि. ठकू,

तुझं तिसरं कार्ड समोर आहे. 'लाईन खराब होती ना? मग अठरा सप्टेंबर कसं कळलं?'

पकडलंस. लहानपणी पण अशीच पकडायचीस. उत्तर देतो, पण आधी एका फोनची गोष्ट ऐक. मी टाळतोय असं समज. टाळतोच आहे.

परवा एका मुलीचा फोन होता, असेल आठ-नऊ वर्षांची. मिक्सर सुरू होत नव्हता. मिक्सर आजोबांचा, आजोबा ठार बहिरे, म्हणून फोन हिच्या हातात आणि ते मागून ओरडतायत. मला सगळं ऐकू येत होतं. आजोबा म्हणाले, "त्या गाढवाला विचार, मशीन विकता का खोकी विकता?" पोरगी फोनवर म्हणाली, "आजोबा विचारतायत, तुम्हाला वेळ आहे का?"

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "सांग त्यांना, झाकण धड लावलं असतं तर ही वेळ आली नसती!" आणि ती आजोबांच्या कानात ओरडते कशी, "ते म्हणतायत, तुम्ही झाकण मस्त लावलंय, फक्त अजून जरासं दाबा!"

दाबलं. सुरू झाला. आजोबा म्हणाले, "बरा माणूस दिसतोय." हे मात्र तिने जसंच्या तसं सांगितलं.

सगळा हॉल हसला. मी पण हसलो, आणि मग हेडफोन काढून पाणी प्यायला गेलो, कारण मला तुझी आई आठवली. तीही हेच करायची गं. मी म्हणायचो, "सांग तिला, सातच्या आत घरात आली नाही तर बाहेरच राहा म्हणावं." आणि ती तुझ्या खोलीत जाऊन सांगायची, "बाबा वाट बघत होते." तू तणतणायचीस, "त्यांना सांग, मी काही त्यांच्या कारखान्यातली कामगार नाही." ती बाहेर येऊन म्हणायची, "दमलीये पोर." आपल्या घराच्या भिंती पातळ. मला दोन्हीकडचं ऐकू यायचं. तरी तिचंच खरं मानायचो, त्यात बरं वाटायचं.

ती गेली आणि आपल्या मधलं माणूसच गेलं. तू लग्न करून लांब जायचं ठरवलंस तेव्हा मी म्हणालो, गेलीस तर ह्या घरी फोन करू नकोस. ते तुला जसंच्या तसं पोचलं. खरं तर मला म्हणायचं होतं, आत्ताच ती गेली, तू तरी लगेच जाऊ नकोस. आता हे मी सांगतोय, आठ वर्षांनी, आणि तेही एका पोरीने शिकवल्यावर.

आता उत्तर.

लाईन खराब नव्हती. स्वच्छ होती. अठरा सप्टेंबर, सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं. तू म्हणालीस, "बाबा, मुलगी झाली." तुझा आवाज दमलेला होता. मागे ती रडत होती, तेही ऐकलं. आणि मी म्हटलं, "राँग नंबर." आणि फोन ठेवला.

ठेवता ठेवताच कळलं काय केलं ते. हात रिसीव्हरवरच होता. मग संध्याकाळपर्यंत त्याच खुर्चीत बसून राहिलो, तू परत फोन करशील म्हणून. तू का करशील? मी तरी केला असता का?

मला लाज वाटते, ठकू. रोज वाटते. मी चुकलो, आणि ते झाकायला लाईनवर ढकललं. हे वाचल्यावर कार्ड पाठवावंसं वाटलं नाही तरी मी समजून घेईन. आणि हे पान तिला वाचून दाखवू नकोस. किंवा दाखव. तू ठरव.

बाबा


१७ एप्रिल, रविवार, सकाळ

ठकू,

जवळजवळ चार आठवडे तुझं कार्ड नाही. मीही लिहिलं नाही. म्हटलं, वाट बघायची पाळी आता माझी आहे.

पण आत्ता जे झालं त्यावर गप्प बसणं शक्य नाही. तू मला फोन नको म्हणालीस, आणि नंबरही नाही, म्हणून पत्रच लिहितोय. अक्षर वेडंवाकडं येतंय, हात ओले आहेत.

दहा वाजता फोन वाजला. हा घरचा, डबा. मी भांडी घासत होतो. रविवारी ह्यावर कोणाचाच फोन येत नाही, डोक्यातही काही नव्हतं. ओल्या हाताने उचलला आणि सवयीने तोंडातून निघालं, "नमस्कार, ग्राहक सेवा केंद्रात आपलं स्वागत आहे, मी आपली काय मदत करू?"

पलीकडे एक बारीक आवाज म्हणाला, "आई, राँग नंबर!" आणि टक्.

मी नुसता उभा. कोपरावरून साबणाचं पाणी गळतंय. ती होती ना? पिटुकलीच होती ना? 'आई' म्हटलं तिने, आणि पाठीमागे तू काहीतरी म्हणालीस, तो तुझाच आवाज होता, मी शपथेवर सांगतो.

तेच दोन शब्द, त्याच फोनवर. ती बिचारी खरंच फसली, मी जाणूनबुजून म्हटलं होतं, एवढाच फरक. छातीत कसं लागतं ते आज कळलं. तुला तर नऊ महिने पोटात वाढवून, त्या अवस्थेत, पलंगावर पडून ऐकावं लागलं.

ठकू, तो राँग नंबर नव्हता. मीच होतो. हे पत्र चार दिवसांनी पोचेल, तोवर तू समजशील की म्हाताऱ्याने नंबर काढून टाकला, किंवा पुन्हा तेच केलं. देवा रे, तसं समजू नकोस. मी इथेच आहे, फोनपाशी. मी कुठेही जात ना

थांब. वाजतोय.


त्याच दिवशी, संध्याकाळ

सकाळचं वाक्य अर्धं राहिलं. राहू दे.

त्या फोनवर काय झालं ते तुला माहीतच आहे, पण माझ्या बाजूने काय झालं ते माहीत नाही. म्हणून लिहितो.

फोन उचलला तेव्हा मी तोंड घट्ट मिटून घेतलं होतं, परत नमस्कार-बिमस्कार बाहेर पडू नये म्हणून. पलीकडून प्रश्न आला, "तुम्ही कंपनी आहात का आजोबा?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"मग ठीक आहे. आई म्हणाली, परत लाव, नंबर बरोबर आहे." मग तिने स्वतःहून नाव सांगितलं. आमच्या फॉर्ममध्ये पहिला रकाना नावाचाच असतो, पण मला लिहायला पेन सापडेना. आता इथे लिहीत नाही, तुला माहीतच आहे. मी दुपारभर म्हणून बघतोय. छान आहे. तुझ्या आईला आवडलं असतं.

पहिला प्रश्न लंब्याचा. वास आला का परत? मी म्हटलं, त्या मुलीने नंतर काही कळवलं नाही, म्हणजे आला असणार. ते तिला पटलं. मग मिक्सरवाल्या आजोबांचं सगळं परत ऐकवायला लावलं, गाढव ह्या शब्दासकट. आणि मग म्हणाली, "थांबा हं, मला शू लागलीये. जाऊ नका."

रिसीव्हर कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. आणि ती परत आलीच नाही. विसरली. लहान पोरं विसरतात, माझ्या गिऱ्हाइकांतली निम्मी अशीच जातात.

मी बसून राहिलो. कंटाळा? छे गं! तुझं घर मला पहिल्यांदा ऐकू येत होतं. नळ सुरू झाला, बंद झाला. खुर्ची सरकली. कोणीतरी पुरुष शिंकला, लागोपाठ तीनदा, ते जावईबापू असणार. तू ओरडलीस, "हात धुतलेस का?" अगदी तुझ्या आईच्या सुरात. मी इकडे स्वतःचे हात बघितले. मग तू काहीतरी गुणगुणत होतीस. तू अजून गुणगुणतेस हे मला माहीत नव्हतं. पस्तीस मिनिटं झाली, कान दुखायला लागला तेव्हा रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

मग तुझी पावलं जवळ आली. "अगं, हा फोन असाच ठेवलास?" असं तू तिला म्हणालीस. आणि तू ठेवणार होतीस, मला कळत होतं. ठेवला असतास तरी चाललं असतं, खरंच. पण तू थांबलीस. तुझा श्वास ऐकू आला.

"बाबा? आहात अजून?"

"आहे."

मला माफी मागायची होती, मागितली नाही. म्हणून ती इथे लिहितो. माफ कर मला, पोरी. हे वाक्य फोनवर म्हणायचं राहिलं, ते मी पुढच्या वेळी म्हणेनच.

आणि मग तू ते म्हणालीस. दमल्या आवाजात नाही, हळू, जसं काही आत्ताच झालंय.

"बाबा, मुलगी झाली."

मी म्हटलं, "ऐकलं गं. अगदी स्वच्छ ऐकू आलं."

तू रडलीस, मीही रडलो. मागून ती विचारत होती, "कंपनी का रडतेय?" शेवटी तूच म्हणालीस, ठेवते आता, पुढच्या रविवारी करते. मी टक् आवाज येईपर्यंत थांबलो, आणि मग फोन ठेवला.

खाली आज नंबर लिहीत नाही.

बाबा